श्रद्धांजलीच्या पिक्चरला नावं ठेवली तर

पत्र :

ताई, मी देवबागचा, वय २३. ‘ब्लॅक पँथर’ पहिला बघितला तेव्हा शाळेत होतो. दादाच्या मोबाइलवर, हिंदीतून. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, कुडाळला असतो. नंतर तो पिक्चर आम्ही पाठ होईपर्यंत बघितला. त्यात टचाला राजा, म्हणजे ब्लॅक पँथर, करणारा चॅडविक बोसमन गेल्याचं कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसरा भाग, ‘वाकांडा फॉरेव्हर’, आम्ही गोव्याला जाऊन थिएटरात बघितला. सुरुवातीला दोघेही रडलो. पण मग मला कंटाळा आला आणि रागही आला. केवढा लांबवलाय, केवढी माणसं भरलीयेत, आणि ज्याच्यासाठी गेलो तोच नाही! वर आमच्यासारख्या दर्यावरच्या माणसाला त्या पाण्याखालच्या राजाचं, नमोरचंच म्हणणं पटत होतं, आणि पिक्चर सांगत होता की तो व्हिलन. येताना गाडीत हे बोललो तर दादा म्हणाला, “मेलल्या माणसाच्या पिच्चराक नावां ठेवतस? तू कसलो फॅन?” २०२१ ला त्याचे बाबा गेल्यापासून तो तसाही लवकर चिडतो. तेव्हापासून या विषयावर आमचं बोलणं बंद आहे. घरी मी तो परत लावला तर परत तेच, रडू आणि राग. मला वाटतं टचालाचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवं होतं. पण असं मनात आलं की बोसमनशी बेइमानी केल्यासारखं होतं. आता डिसेंबरात नवा ‘अ‍ॅव्हेंजर्स’ येतोय आणि मला दादासोबतच जायचंय. माझं नेमकं काय चुकतंय? आणि नमोर परत येणार का?

उत्तर :

प्रिय देवबागकर,

तुझं काहीही चुकत नाहीये. हे आधी सांगते, कारण तुझ्या पत्रातला ‘बेइमानी’ हा शब्द वाचून मला वाईट वाटलं. एखादा नट गेल्यावर ज्याला जेवण जात नाही, त्याच मुलाला पुढे आपण त्या नटाचे अपराधी आहोत असं वाटत राहावं, हे बरं नाही. (ज्यांनी हा चित्रपट अजून बघितला नाही त्यांनी पुढचं वाचू नये, गोष्ट सगळी उघडी होणार आहे.)

हा चित्रपट कसा तयार झाला ते आधी बघू. त्यात तुझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. दिग्दर्शक रायन कूगलरनं दुसऱ्या भागाची पटकथा लिहून ठेवली होती. ती बाप-लेकाची गोष्ट होती, टचाला आणि त्याचा मुलगा. त्यानं ती बोसमनला वाचायला देऊ केली तेव्हा बोसमनच्या अंगात वाचण्याइतकंही त्राण नव्हतं, असं कूगलरनं पुढे सांगितलं. २८ ऑगस्ट २०२० ला बोसमन गेला, वय अवघं ४३. मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाल्याचं त्याला २०१६ मध्येच कळलं होतं. म्हणजे तू शाळकरी वयात ज्या पिक्चरवर जीव टाकलास, तो त्यानं आजारपण अंगावर काढत केलेला आहे, आणि बरोबर काम करणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. कूगलरच्या मनात तर हे क्षेत्रच सोडून द्यावं असं आलं होतं. तरी तो उभा राहिला, गोष्ट मुळापासून बदलली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पिक्चर आला.

पण तो नुसता मित्राच्या आठवणीत काढलेला चित्रपट नव्हता. मार्व्हलच्या त्या साखळीतला तो तिसावा होता. साखळीची म्हणून काही देणी असतात. नवा शत्रू हवा, म्हणून नमोर आणि त्याचं पाण्याखालचं अख्खं तालोकान. पुढच्या मालिकेची तयारी हवी, म्हणून रीरी विल्यम्स ही कॉलेजातली पोरगी. अमेरिकेची बाजू दिसायला हवी, म्हणून सीआयएचा रॉस, त्याची आधीची बायको आणि त्या दोघांचं राजकारण. पहिला भाग १३४ मिनिटांचा होता, हा १६१ मिनिटांचा झाला.

तुला एक पिक्चर दिसतोय, देवबागकर, पण एका तिकिटात तिथे दोन आहेत. एक दुखवट्याचा आणि एक धंद्याचा. तुझं रडू पहिल्यासाठी आहे आणि राग दुसऱ्यावर. त्या दोघांची बेरीज-वजाबाकी करून तू एकच आकडा काढायला बघतोयस, तो निघत नाही, आणि निघत नाही म्हणून स्वतःला दोष देतोयस. नको काढूस. ज्याचं श्रेय त्याला दे, ज्याची तक्रार आहे ती त्याच्याबद्दल कर.

दुखवट्याचा जो भाग आहे, तो मला फार मोठा वाटतो. टचालाची बहीण शुरी प्रयोगशाळेत भावाला वाचवायची धडपड करतेय, ब्लॅक पँथरला ताकद देणारी ती वनस्पती पुन्हा तयार करू बघतेय, आणि आई रामोंडा आत येऊन सांगते की तो गेला. मरण पडद्यावर दाखवलेलंच नाही. आपल्याला बातमी कळते, जशी ती खरोखर कळली होती. मग टचालाचं राज्य, सगळी वाकांडा, पांढऱ्या कपड्यांत. आपल्या लोकांना तो रंग समजावून सांगावा लागत नाही. मग मार्व्हलचं ते नेहमीचं चिन्ह येतं, त्यात फक्त बोसमनची चित्रं, आणि संगीत नाही, काहीच नाही. पुढे वर्ष सरल्यावर रामोंडा मुलीला नदीकाठी घेऊन जाते, दुखवट्याचे कपडे जाळून शोक संपवायला, आणि शुरी म्हणते मला जमणार नाही. आपल्याकडे वर्षश्राद्ध झालं की लोक म्हणतात, आता नेहमीसारखं वागायला लागा. ज्याला ते जमत नाही अशा माणसाची गोष्ट सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये इतक्या प्रेमानं सांगितलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. ती शेवटी हैतीच्या किनाऱ्यावर एकटीच ते कपडे जाळते, तेव्हा कुठे भावाची आठवण तिच्या डोळ्यांसमोर येऊ शकते.

या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी रूथ कार्टरला ऑस्कर मिळालं, पहिल्या भागानंतर हे तिचं दुसरं. मंचावर तिनं सांगितलं की याच आठवड्यात माझी आई गेली, वय १०१. या चित्रपटानं मला त्या क्षणासाठी तयार केलं, असं ती म्हणाली, आणि चॅडविकला हाक मारून म्हणाली, माझ्या आईकडे लक्ष ठेव. ज्यांनी तो पिक्चर केला त्यांच्यासाठी तो खरंच दुखवटा होता.

आता दादा.

तुझ्या पत्रात एक वाक्य तू जाता जाता लिहून गेलास. २०२१ ला त्याचे बाबा गेले. कशानं गेले ते लिहिलेलं नाहीस आणि मी तर्क करत नाही. पण त्या वर्षी आपल्याकडे कितीतरी घरांत माणसं कशी गेली हे तुला माहीत आहे. मोजकी माणसं स्मशानात, कुणी भेटायला येऊ शकत नाही, बारावं-तेरावं नावापुरतं, मुंबईची माणसं मुंबईत अडकलेली. आणि पुढच्या वर्षी, थिएटरच्या अंधारात, दादानं काय पाहिलं? एका घरातल्या कर्त्या माणसाला अख्ख्या गावानं नाचून, गाऊन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून दिलेला निरोप. मला वाटतं तो तिथे नुसता बोसमनसाठी रडला नसेल. तू गाडीत पटकथा, लांबी, पात्रांची गर्दी हे बोलायला लागलास. तुझं म्हणणं खरं होतं, पण त्याला ते पिक्चरबद्दल ऐकू आलंच नसणार. त्याला वाटलं असेल, मी आता कुठे मनसोक्त रडलो, आणि हा म्हणतोय कंटाळा आला.

म्हणून ‘तू कसलो फॅन’ हे मनाला लावून घेऊ नकोस. ते तुझ्या चाहतेपणाबद्दल नव्हतंच.

पण दादा दुखावला म्हणून तुझी तक्रार खोटी ठरत नाही, आणि ती मी गुळमुळीत करणार नाही. मलाही तो पिक्चर मधे मधे खटकतो. सगळ्यात जास्त खटकतं ते रामोंडाचं मरण. अँजेला बॅसेटनं ते काम असं केलंय की त्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. ती आई बुडून मरते, दुसऱ्याच्या मुलीला, रीरीला, वाचवताना. आणि मग? ज्या चित्रपटानं भावाच्या मरणाला इतका वेळ दिला, तो आईच्या मरणावरून भराभर पुढे जातो, कारण आता सूट तयार करायचाय, जहाज काढायचंय, लढाई घ्यायचीये. दुखवट्याच्या पिक्चरला धंद्याच्या पिक्चरनं दिलेला हा सरळ धक्का आहे. शेवटची समुद्रातली लढाईही मला फार काही देऊन गेली नाही. उलट शुरी ती वनस्पती पिऊन पूर्वजांना भेटायला जाते, आणि तिथे आई नाही, भाऊ नाही, तर पहिल्या भागातला खलनायक किलमंगर बसलेला असतो, तो प्रसंग बघ. रागानं भरलेल्या माणसाला परलोकातही रागीट माणूसच भेटतो. हे लिहिणारा दिग्दर्शक थकलेला नाही. त्याला जागा कमी पडली आहे.

आणि नमोर. इथे मला तुझ्याशी थोडं भांडायचंय, पण आधी हे कबूल करते की तुला जे दिसलं ते शहरातल्या पुष्कळ समीक्षा वाचून कुणाला दिसलं नसतं. पिक्चरमधली पहिली ठिणगी काय आहे? अटलांटिकमध्ये उभं असलेलं एक जहाज, तळातून व्हायब्रेनियम हा मौल्यवान धातू काढायला आलेलं. खाली माणसं राहतात याची त्यांना खबर नाही आणि कुणाला विचारावं असं त्यांना वाटतही नाही. आपल्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या घरातल्या मुलाला हे ओळखीचं वाटणारच. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवरून मालवणपासून किती वर्षं भांडण चाललंय, एलईडीचा उजेड पाडून मासे ओढायला बंदी असूनही त्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. जो समुद्रावर पिढ्यान् पिढ्या जगतो त्याला कुणी विचारत नाही, ही गोष्ट तुला कुणी शिकवावी लागलेली नाही. नमोरच्या लोकांची हकीगतही तशीच आहे. सोळाव्या शतकात युकातानमध्ये परके आले, देवीची साथ आली, लोक समुद्रात उतरले. आईला तिच्या जमिनीत पुरायला लहानगा नमोर वर येतो आणि बघतो तर आपलीच माणसं गुलाम होऊन राबतायत. कॉमिक्समध्ये १९३९ पासून नमोर आहे, तिथे तो अटलांटिसचा राजा. कूगलरनं त्याला माया लोकांचा केला आणि त्याच्या रागाला इतिहासाचा आधार दिला. त्या एका बदलासाठी मी या चित्रपटाला पुष्कळ माफ करते.

भांडण एवढंच की पिक्चर त्याला व्हिलन म्हणून संपवत नाही. शुरीच्या हातात भाला असतो, आईचा खून समोर असतो, आणि ती त्याला जिवंत सोडते. व्हिलन असता तर मेला असता. मात्र तोही एका कॉलेजातल्या पोरीचा जीव मागत होता आणि त्यानं एक शहर बुडवलं, हे तुझं मन सोयीनं विसरतंय का, ते तपास. तुझी तक्रार जर टोकदार करायची असेल तर अशी कर : दोन नागवलेली राज्यं एकमेकांना मारत राहिली आणि ते जहाज ज्यांनी पाठवलं त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. ही त्या चित्रपटावरची मला माहीत असलेली सगळ्यात वजनदार टीका आहे. ती कुणाचाही अपमान करत नाही, दादासमोरही निर्धास्त बोल.

टचालाचं काम दुसऱ्याला द्यायला हवं होतं का? तू सिंधुदुर्गातला आहेस, तेव्हा दशावतार तुझ्या अंगात आहे. राजपार्टी नट थकतो, एक दिवस जातो. पुढच्या जत्रेत तोच राजा दुसरा कुणीतरी करतो. पहिल्या रात्री लोक कुजबुजतात, त्याची सर नाही म्हणतात, आणि तरी पहाटेपर्यंत बसतात. संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे नवा माणूस जुन्याची नक्कल करायला बांधलेला नसतो, तो स्वतःचा राजा उभा करतो. आणि गावातली म्हातारी माणसं जुन्या नटाचं नाव काढायची थांबत नाहीत. तुझ्या मनात जे येतं ते याच रीतीतून येतं, आणि त्या रीतीत गेलेल्या नटाचा अनादर कुठेच नाही. तू एकटाही नाहीस. जगभरातल्या चाहत्यांनी हीच मागणी केली होती आणि बोसमनच्या भावानंही जाहीरपणे म्हटलं होतं की ती भूमिका पुढे चालावी असंच त्याला वाटलं असतं. हीथ लेजर २००८ मध्ये गेला, अकरा वर्षांनी वाकीन फीनिक्सनं जोकर केला, दोघांनाही त्याच पात्रासाठी ऑस्कर मिळालं. एकानं दुसऱ्याला पुसलं नाही.

मला विचारशील तर २०२२ मध्ये त्यांनी केलं ते बरोबर केलं. त्या सेटवरची सगळी माणसं सुतकात होती. त्यांना सांगायचं की या नव्या मुलाला टचाला म्हणून हाक मारा, हे जमलंच नसतं, आणि जमलं असतं तर ते पाहवलं नसतं. शुरीकडे मुखवटा जाणं ही काही ओढूनताणून आणलेली गोष्टही नव्हती, कॉमिक्समध्ये २००९ मध्येच ती ब्लॅक पँथर झाली होती. पण दार कायमचं लावून घ्यावं असं मला वाटत नाही. आणि कूगलरलाही वाटत नसावं. शेवटी हैतीत टचालाची प्रेयसी नाकिया आपल्या मुलाला पुढे आणते, आणि तो आपलं खरं नाव सांगतो, टचाला. बाप-लेकाची जी गोष्ट त्याला करता आली नाही, तिचं बी त्यानं तिथे टाकून ठेवलंय. तेव्हा दुसरा टचाला मागताना तू बोसमनशी बेइमानी करत नाहीयेस. त्यानं उभा केलेला राजा चालत राहावा, एवढंच तू मागतोयस.

आता करायचं काय. डिसेंबरची वाट बघू नकोस. दादाला भेटायला कुडाळला जा, फोनवर नको. पिक्चरचा विषय काढताना तुझ्या मतापासून सुरुवात करू नकोस. त्याला विचार, “दादा, तो पयलो सीन बघताना तुका काय वाटलां?” आणि मग गप्प बस. तो बाबांबद्दल बोलला तर पिक्चर बाजूला राहू दे, त्या दिवशी तेवढंच. नाही बोलला तरी चालेल. तू विचारलंस हे त्याच्या लक्षात राहील. आत्याकडे जेवून ये.

दुसऱ्या खेपेला त्याला सांग की तूही तितकाच रडला होतास. हे त्याला बहुधा माहीतच नाही, कारण गाडीत तू फक्त राग बोललास. मग रामोंडाच्या मरणावर त्याला काय वाटतं ते विचार. मला वाटतं तिथे तुमचं जमेल, कारण आईच्या मरणाला वेळ दिला नाही ही तक्रार दुखवट्यातल्या माणसालाच आधी कळते. नमोरवर मात्र खुशाल भांडा. चाहत्यांनी एवढंही भांडायचं नाही तर मग पिक्चर बघायचे कशाला? आणि तो चिडला, उठून गेला, तर मागे लागू नकोस, चतुर्थीला सगळे घरी येतीलच.

एक गोष्ट मात्र करू नकोस. त्याला बरं वाटावं म्हणून ‘पिक्चर मस्तच होता’ असं खोटं बोलू नकोस. तुम्ही दोघांनी मिळून पहिला भाग पाठ केलाय. तू खोटं बोललास तर त्याला पहिल्या वाक्यात कळेल.

आणि हो, नमोर परत येतोय. ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’च्या कलाकारांची जी यादी मार्च २०२५ मध्ये जाहीर झाली, तिच्यात नमोर करणाऱ्या तेनोच हुएर्ताचं नाव आहे. शुरी करणारी लेटिशिया राइट आहे, वाकांडातला म’बाकू करणारा विन्स्टन ड्यूकही आहे. १८ डिसेंबर २०२६ ही तारीख ठरली आहे, शुक्रवार. गोव्याची तिकिटं आधीच काढून ठेव, दोन.

तुझी,
ताई